काडतुसाच्या डाय आणि आईचा नकार

सातिवलीतला आमचा कारखाना बंद झाला त्याच वर्षी, नाताळ उरकून, मी अमेरिकेला निघालो. तिथल्या एका लहान गावात डाय, म्हणजे धातू दाबून आकार देणारे साचे, तपासण्याची नोकरी लागली होती. भुईगावच्या घरासमोर गाडी उभी होती, शेजारी जमले होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी आत जाऊन आशीर्वाद मागितला. तिने कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "तू येत जा. मी काय तिकडं येनार नाय. बंदुकीच्या पैशावर चालनाऱ्या घरात मी राहनार नाय."

कारण सगळ्या आळीला माहीत होतं. तिचे थोरले भाऊ, आमचे पास्कूमामा, चिकूवर येणारी वटवाघळं हाकलायला ठासणीची बंदूक उडवत. बंदुकीची दारू तळहातावर घेऊन अंदाजाने भरत. एका संध्याकाळी नळी फुटली. मामा वाचले नाहीत. आई तेव्हा वाडीतच होती.

मी काम करतो तो तिकडचा कारखाना बंदुका बनवत नाही, गोळ्याही नाही. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती डायमध्ये दाबून मूळ मापात आणली की पुन्हा भरता येते. दाबायला टेबलावर बसवायचा हातप्रेस असतो, तोही आमच्याकडेच बनतो. त्या गावात थंडीत हरणाची शिकार चालते आणि बरेच जण आपली काडतुसं घरीच भरतात. डाय मापाबाहेर गेली तर पुंगळी बंदुकीतच फाटू शकते. तसं होऊ नये म्हणून तपासणी. हे मी फोनवर आईला अनेकदा समजावलं. ती विचारायची, "जेवलास का?"

सातिवलीत आम्ही औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांसाठी डाय करायचो. आमचे उस्ताद माप तपासायचा गेज हातात धरून सांगत, "गेज ढकलायचा नाय. आपणहून गेला तर गेला, नाहीतर तुकडा बाजूला." वर पत्रा तापलेला असे आणि घामाच्या हाताने पोलादावर गंज धरे. नव्या जागी मला मिलिमीटर सोडून इंच शिकावे लागले. बाकीचं सातिवलीने शिकवूनच पाठवलं होतं.

मी तिथे गेलो तेव्हा प्रेसचे सांगाडे गावातल्याच भट्टीत ओतले जात. ती भट्टी बंद झाली, सांगाडे आता बाहेरून येतात. डाय कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं कापतात. शेवटची तपासणी अजून माणसं करतात. सातिवलीच्या गाळ्यात आता कुरिअरचं गोदाम आहे. सातिवलीच्या जुन्या सोबत्यांनो, तुमच्यापैकी काही जण वापीला गेलात, काही आखातात. उस्तादांचं ते वाक्य तुम्हीही तिकडे कुणाला ना कुणाला ऐकवलं असेल.

डोना माझ्या विभागाची प्रमुख. पहिल्या हिवाळ्यात तिने नवऱ्याचा जुना कोट दिला आणि बर्फावर गाडी चालवायला शिकवलं. तो कोट मी अजून वापरतो.

वडील गेल्यावर आई भुईगावला एकटी राहिली. विरारला बहिणीच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. "वर बसून काय करू? पायाखाली माती नाय." मग ती न्हाणीत पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होती. मी पुन्हा चल म्हटलं. तिने पुन्हा नकार दिला.

भाचीच्या लग्नाला डोना माझ्याबरोबर भुईगावला आली. मांडवात ती आईशेजारी बसली. दोघींचं बोलणं मी इकडून तिकडे पोचवत होतो.

"तुमचा मुलगा आमच्याकडे सगळ्यांत नावडता माणूस आहे," डोना म्हणाली.

"का? काय केलं यानं?"

"दिवसभर लोकांचं काम परत पाठवतो. नाही म्हणायचा पगार घेतो."

"घरात तर याचं कोनी ऐकत नाय!" आई म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. आई हसायची थांबली. "तिला विचार, यानं पास केलेलं फुटत नाय ना?"

डोनाने खुर्ची आईकडे वळवली. मग म्हणाली, "कोण घरी काय भरतो, ते मी सांगू शकत नाही. पण माझा नवरा आणि दोन्ही मुलगे याने तपासलेल्याच डाय वापरतात. दुसऱ्या कुणी तपासलेली मी घरात येऊ देत नाही."

"दारू मापून भरतात?"

"काट्यावर. प्रत्येक वेळी."

"आमच्या पास्कूनं मापली नाय," आई म्हणाली. मामांचं नाव मी तिच्या तोंडून फार वर्षांनी ऐकलं.

वऱ्हाड पांगल्यावर तिने मला विचारलं, "तिकडं थंडी किती पडते?"

आई आता अमेरिकेत माझ्याकडे आहे. रविवारी ती डोनाबरोबर चर्चला जाते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी परतायला उशीर होतो. मागल्या दाराशी तिने कोथिंबीर आणि मिरची लावली आहे. गेल्या आठवड्यात बहिणीने विरारहून फोन करून विचारलं, घरी कधी येणार? आई म्हणाली, "वाडीत पानी घालायला मानूस हाय ना? मग घाई कसली?"

परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.