धूर मोजण्याआधी देवनहळ्ळी

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला लांबच्या नात्यातल्या काकांकडे गेलो, तेव्हा शहराबाहेरची देवनहळ्ळी माझ्या यादीत नव्हती. तिथली फेरी घडली धुरामुळे.

काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचंच. त्यांची जुनी डिझेल गाडी ते तळहातावरच्या फोडासारखी जपत. जयनगरच्या बाजारात जायचं, भाजी घ्यायची आणि परत. शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीची प्रदूषण तपासणी इंजिन नुसतं संथ चालू ठेवून झालेली पाहिल्यामुळे स्वारी निर्धास्त होती. पण पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड मोजतात, डिझेलमध्ये काळा धूर, आणि तोही पेडल पूर्ण दाबून. आपल्या गाडीच्या वेळी काकांनी भीतभीत दाबलं आणि मागे काळा ढग उठला. गाडी नापास.

काकूंनी निकाल दिला, पुन्हा नापास झाली तर विकायची. चिकपेटचा एक व्यापारी गाडी बघूनही गेला होता. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी इंजिनच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून तोंड उघडलं. एअर फिल्टर साफ करू, गाडी लांबवर जोरात पळवू, साचलेली काजळी निघेल आणि तापल्या इंजिनानेच थेट तपासणीला जाऊ.

शनिवारी पहाटेच निघालो. तुम्हीही लवकर निघा, हेब्बाळनंतर ट्रकच्या मागे अडकलात की संपलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, हवा गार, आणि काका बैलगाडीच्या वेगाने. शेवटी मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "अहो, स्वल्प दाबा की."

काकांनी दाबलं. आधी मागे काळंकुट्ट, मग हळूहळू आरशात रस्ता दिसू लागला. काकूंनी खिडकी पूर्ण खाली केली.

देवनहळ्ळीला स्टँडजवळ इडली आणि कॉफी झकास. किल्ल्यात सावली कमी, पाणी जवळ ठेवा. तटावर काकू माझ्याआधी चढल्या. गाडी घेतल्यापासून ती त्यांना शहराबाहेर घेऊन गेलीच नव्हती, हे त्यांनी तिथे सांगितलं. मला वाईट वाटलं. येताना पिशवीभर चक्कोते घेतले, म्हणजे आपले पपनस.

तपासणीला काकांचा पाय पुन्हा अर्ध्यावर थांबला. अर्धं दाबलेलं धरत नाहीत, असं तपासणाऱ्याने दोनदा सांगितलं. तेव्हा काकूंनी त्यांना उतरवलं. गाडी न्यूट्रलला होती, चालवता येण्याची गरज नव्हती. साडी सावरून त्या बसल्या आणि पेडल तळाला टेकवलं. एकदा, परत, परत. काकांनी डोळे मिटले होते.

"सरी, ठीक आहे, पास," तपासणारा म्हणाला.

काकांनी डोळे उघडून काकूंकडे पाहिलं. व्यापाऱ्याला नको म्हणून सांगा, एवढंच त्या म्हणाल्या.

पुण्यात आल्यावर मला ती तपासणीपेक्षा काकूंची उघडी खिडकीच जास्त आठवायची. मग एकदा त्यांचा फोन आला. पुढच्या तपासणीला अजून बराच अवकाश होता.

"पण इंजिन तापतं ठेवलेलं बरं," काकू म्हणाल्या. "उद्या म्हैसूरला निघतोय."