आधी गोळी, मग उत्तर

मेश्रामभाऊंची आणि माझी ओळख दिघोरीच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीवर झाली. भाऊ तिथे कंपाउंडर होते. रांगेत एक म्हातारबा तापाने फणफणत होते, तरी खिडकीत डोकं घालून भांडत होते, "भाऊ, परवाच्या कोड्याचं उत्तर सांगा, मंग औषध द्या." भाऊ शांतपणे म्हणाले, "पुडीतल्या गोळ्या खतम करून या, बाबाजी. उत्तर कुठी पळून नाही जात." मला वाटलं, माणूस भला दिसतो, पण थोडा सटकेल आहे.

आता भाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात शिकलेल्या लोकांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. मी तिसरी पास. नातीने माझ्या काना-मात्रा तपासल्या. ती म्हणते, आजी, भटकू नको. बघू.

भाऊंना सरळ बोलताच येत नाही, असं त्यांच्या पत्नी विमलताई सांगतात. "काय भाजी करू विचारलं का म्हणतात, अंगावर काटे हायेत पन बाभूळ नाही. त्याईले रानातली काटवलं, कर्टुलं पायजे असतात. मी वांगी वाढते. वांग्याच्या देठालेही काटे असतात." भाऊ मुकाट्याने जेवतात, कारण ते उत्तरही बरोबर असतं. समोरच्याचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं निघालं तर भाऊंना राग येत नाही, उलट आनंद होतो. एवढ्या शिकलेल्या माणसात हा गुण मी कमी पाहिला.

तर माझी गोष्ट. पंचवीसेक वर्षं झाली असतील. मला टीबी निघाला. सहा महिने, एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन भाऊंच्या समोर गोळ्या गिळायच्या होत्या. हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तेव्हा टीबी म्हटलं की लोक जवळ बसायला घाबरत. बाहेर कळलं असतं तर धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या टोळीतून माझं नाव कटलं असतं. दोन पोरी लहान होत्या. दोन महिन्यांत खोकला गेला, अंगात ताकद आली, पण गोळ्यांनी मळमळायचं. धानाची रोवणी लागली तशी मी दवाखान्यात जाणंच सोडलं.

आठवड्याच्या आत भाऊ सायकलने आमच्या शेतावर हजर. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहिले. मी मान खाली घालून चिखलात रोपं खोचत राहिले. आता हे सगळ्यांसमोर बोलणार, असं वाटलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या टोळीच्या मुखिया कौसल्याबाई, त्यांना म्हणाले, "बाई, एक कोडं घ्या. उलटी चालते, तरी काम पुढं जाते. दिवसभर वाकते, पन कोनाच्या पाया पडत नाही. सांगा कोन?"

अकरा बाया वाकल्या वाकल्याच विचार करू लागल्या. कोणी खेकडा म्हटलं, कोणी रहाट. "नाही," भाऊ म्हणाले. "उत्तर दवाखान्यात ठेवलं हाये. ह्या शांताबाई तेज चालतात, ह्याईले धाडा." आणि सायकलवर बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेले. "आधी गोळी, मग उत्तर," भाऊ म्हणाले. गोळ्या गिळून होईपर्यंत समोरून हलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "आता तुमच्यापासून कोनाले लागत नाही, बाई. पन अर्ध्यात सोडल्या तं तुमीच वाचत नाही."

उत्तर होतं, मागे मागे सरकत रोवणारी बाई. शेतात येऊन सांगितलं तर कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हंजे आमीच? अन् आमाले खेकडा दिसून राहिला होता?" बांधीतल्या साऱ्या बाया हसल्या. पुढे एक दिवसाआड त्याच मला ढकलायच्या, "जाय वो शांता, उत्तर आनजो." रोवणी झाली, निंदण झालं, धान कापणीला आलं. भाऊंनी दर खेपेला नवं कोडं दिलं आणि माझ्या गोळ्या पुऱ्या झाल्या.

कोडी म्हणजे रिकाम्या डोक्याचा खेळ, असं लोक म्हणतात. खरंच आहे ते. रोवणीत हात रिकामे नसतात, डोकं असतं. त्यात माझ्या पोरींचं काय होईल, एवढंच फिरायचं. भाऊंनी तिथे दुसरं काही ठेवलं.

हा लेख देण्याआधी मी कौसल्याबाईंकडे जाऊन आले. छापून आल्यावर त्यांना कळावं, हे बरं वाटेना. त्या तूर निवडत होत्या. म्हटलं, "बाई, मी उत्तरासाठी नव्हती जात. मले टीबी होता."

मान वर न करता म्हणाल्या, "कोड्यापायी कोनी दोन कोस जाते का वो? मले तवाच समजलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू जाऊन राहिली होती ना. बोलली असती तं लाजेनं थांबली असती." तुरीतला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "अन् कोडे तं मले बी पायजे होते."

दोन्ही पोरींची लग्नं मी माझ्या हाताने लावली, पाच नातवंडं मांडीवर घेतली. ही सगळी वर्षं मला भाऊंच्या खिडकीतून मिळाली. जेवढी मला मिळाली तेवढी त्यांना यापुढे मिळोत, धडधाकट अंगाने आणि असल्याच तल्लख डोक्याने.