रविवारी दुपारी बारापर्यंत

ईशान आणि मीरा,

गेल्या आठवड्यात तुमच्या बाबाने, म्हणजे माझ्या संजयने, सगळ्यांना ईमेल पाठवली. सुट्टीत लंडनला यायचं, त्यातले काही दिवस ग्लासगोला नेहाआत्याकडे, बाकी आजीकडे. रविवारी दुपारी बारापर्यंत कोणाची हरकत आली नाही तर तिकिटं काढतो. त्यावर मीरा, तू मला फोनवर विचारलंस, "आजी, हा सिली नियम कोणी काढला?"

नियम सिली नाही आणि बाबाचा तर मुळीच नाही. तो आमच्या शेजारच्या शरयू गुप्तेचा. ती गेली त्याला आता वर्ष होईल. तुम्ही टोरांटोला वाढलात, तिला कधी भेटला नाहीत. म्हणून तिच्याविषयी एकदा व्यवस्थित लिहून ठेवते. व्यवस्थितपणा हे माझं व्यसन आहे. माझे मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेले असतात आणि त्यामुळे घरात हळद कोणालाही सापडत नाही.

लंडनच्या टोकाला, आमच्या पिनरच्या घरी कितीही पाहुणे असोत, शरयू कधी फ्रंट रूममध्ये बसली नाही. ताट हातात घेऊन पॅसेजमध्ये, कोटांच्या गर्दीत उभी राहायची. सुरुवातीला मला तो माझ्या फर्निचरचा अपमान वाटे.

"अगं, आत ये की. माणसासारखी बस."

"नको मालू. आत भाषणं होतात. ठरतं ते पॅसेजमध्ये."

हे खरं निघालं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीसाठी मी विषयपत्रिका टाइप करून, प्रती काढून, फ्रंट रूममधल्या जेवणाच्या टेबलाभोवती सभा घ्यायची. त्या सागवानी टेबलाच्या एका टोकाला बसून मी अध्यक्षपद भोगत असे. तोवर बाहेर कोट घालता घालता शरयूने हॉल, तारीख आणि फराळ ठरवलेला असे. आभार मात्र माझे मानले जात आणि ते मी स्वीकारतही असे.

ती इथल्या सरकारच्या नोकरीत होती. मित्रदेशांचे परराष्ट्रमंत्री एकत्र बसतात आणि कुठल्या संकटाबद्दल सगळ्यांनी मिळून काय म्हणायचं, कोणावर निर्बंध घालायचे, कुठे शांतिसैनिक पाठवायचे, ते ठरवतात. त्या बैठकांची कागदपत्रं ज्यांच्या हातून जात, त्यांच्यातली ती एक. सोमवारी ब्रसेल्स, गुरुवारी पिनरच्या बेकरीत. मी एकदा भारावून म्हटलं, "म्हणजे हे मोठेमोठे मंत्री तुझ्यासमोर ठरवतात सगळं!"

"मंत्री कुठले ठरवतात? ठरलेलं असतं. आधीच्या आठवड्यात आम्ही ओली सँडविचेस खात ठरवतो. मंत्री येतात, फोटो काढतात आणि ठरलेल्याला मान डोलवतात. न डोलवली तर आमची सुट्टी गेली."

तिथला एक रिवाज तिने मला समजावला. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि मुदत द्यायची. मुदतीपर्यंत कोणी बोललं नाही तर मसुदा मंजूर. एकानेही तोंड उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. "हो म्हणायला माणसाला लाज वाटते," ती म्हणायची, "गप्प बसायला नाही वाटत. म्हणून जग थोडंफार चालतं."

इराकच्या युद्धाआधीच्या हिवाळ्यात मात्र ते चाललं नाही. मित्रदेशांत उघड दोन तट पडले. त्या दिवसांत एकदा शरयू आली आणि पॅसेज ओलांडून सरळ सोफ्यावर बसली. मी घाबरलेच. "आज एक वाक्यसुद्धा निघालं नाही, मालू. सगळे आपापल्या देशाच्या माइकसमोर जाऊन वेगवेगळं बोलले." एवढंच म्हणाली. मी तिला धीर द्यायला बराच वेळ बोलत राहिले. ती झोपी गेली.

ती निवृत्त झाल्यानंतर तुमच्या आबाआजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. हॉस्पिटलमधून पुढे कुठे न्यायचं, यावर आमच्या घराचेही तट पडले. बाबा टोरांटोहून म्हणे, चांगलं केअर होम बघा. नेहा ग्लासगोहून म्हणे, मी डॉक्टर आहे, माझ्याकडे आणा. मी म्हणे घरीच. पण मागच्या खोलीत, म्हणजे फ्रंट रूम नीटनेटकी राहील. तिघेही हॉस्पिटलला स्वतंत्र फोन करत होतो. मी तर रंगीत फायली घेऊन रोज वॉर्डात हजर. शेवटी सिस्टर अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "इट्स अ लव्हली फॅमिली, मिसेस साठे. बट हू इज स्पीकिंग फॉर इट?" आणि सांगितलं, सोमवारच्या मीटिंगपर्यंत कुटुंबाचं एकमत झालं नाही तर तूर्त जिथे जागा असेल त्या केअर होममध्ये पाठवावं लागेल.

मी रडत शरयूकडे गेले. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ज्या देशाबद्दल बैठक चालली आहे, त्या देशाला विचारलंत का?"

"म्हणजे?"

"आबांना विचारलंत का, बये?"

मी फायलींकडे पाहिलं. निळ्या फायलीत नव्हतं, हिरवीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आबांजवळ जाऊन बसली. मला बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलं. कॉरिडॉरमध्ये उभं राहायला मिळणं ही तिच्या मते माझी बढतीच होती. बऱ्याच वेळाने आबांच्या तोंडून दोन शब्द निघाले: "घर. रस्ता." त्यांना घरी यायचं होतं आणि रस्त्याकडच्या खिडकीशी राहायचं होतं. आमच्या घरात तशी खिडकी खाली एकच, फ्रंट रूमची.

शरयूने आमच्या पॅसेजमधल्या फोनवरून बाबाशी आणि नेहाशी वेगवेगळं बोलून घेतलं. मग एका पानाचा मसुदा ईमेलने गेला. आबा घरी येतील. पलंग फ्रंट रूमच्या खिडकीशी. जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये. नेहा महिन्याकाठी येईल, बाबा नर्सचं बघेल. हॉस्पिटलशी फक्त नेहा बोलेल. हरकत असल्यास रविवारी दुपारी बारापर्यंत.

"फक्त नेहा? आणि मी?"

"तू फार बोलतेस."

रविवारी सकाळी माझ्या मनात टेबल घोळू लागलं. खरं सांगते, नवरा घरी येणार म्हणून आनंदाने बसायचं सोडून मी गॅरेजमधल्या ओलीचा विचार करत होते. पलंग थोडा तिरका लावला तर टेबलही मावेल, एवढीच छोटी सूचना, हरकत नव्हेच. मी कॉम्प्युटर सुरू केला. तेवढ्यात बेल वाजली. शरयू, शिऱ्याचं पातेलं घेऊन.

"बंद कर ते. आणि हे खा."

"अगं, फक्त टेबलाचं..."

"तू टेबल म्हणालीस की नेहा नर्स म्हणेल. नेहा नर्स म्हणाली की संजय केअर होम म्हणेल. उद्या सोमवार आहे. खा."

मी घास घेतला. बोलायला गेले की ती आणखी एक चमचा वाढे. टोरांटोला सकाळचे सात वाजत आले होते. बाबा जागा होऊन हरकत घेतो की काय म्हणून मी दाराकडे, फोनकडे, कॉम्प्युटरकडे बघत होते. आयुष्यात इतका वेळ गप्प मी फक्त भूल दिलेली असताना बसले असेन. स्वयंपाकघरातल्या घड्याळात बारा वाजले. ईमेल उघडली. कोणाचंही काही आलं नव्हतं.

"झालं," शरयू म्हणाली. "पहिल्यांदाच माझ्या मसुद्याला कोणी शिरा केला." शिरा तिनेच केला होता, पण मी दुरुस्ती सुचवली नाही.

आबा पुढे दोन उन्हाळे त्या खिडकीशी होते. स्टेशनकडे धावणारी माणसं बघायचे, पोस्टमनला डाव्या हाताने सलाम करायचे.

शरयू शेवटी आजारी पडली तेव्हा मी तिच्यासाठीही एक फाइल उघडली. तिला मूलबाळ नव्हतं, आणि पुढच्या उपचारांबद्दल तिने डॉक्टरांना आधीच काय ते सांगून टाकलं होतं. "ठेव ती फाइल," ती म्हणाली. "माझं बरं आहे, मालू. माझ्यात एकमत आहे." मी फाइल मिटली. तिने हात माझ्या हातात ठेवला.

मीरा, तुमच्या बाबाच्या ईमेलवर मी हरकत घेतलेली नाही. तुम्ही आलात की पुढच्या खोलीत मांडीवर ताटं घेऊन जेवू. जेवणाचं टेबल अजून गॅरेजमध्येच आहे.