'ए', 'द' आणि आमचे हे

आमचं शेवटचं बोलणं झालं ते धंतोलीतल्या दवाखान्यात. भेटीची वेळ संपत आली होती, नर्स येऊन "निघा आता" असं सांगून गेली होती, मी डबा आवरत होते. हे उशीला टेकून बसलेले. आवाज पार बसला होता, तरी डोळ्यांत ती मास्तरकीची चमक आलीच. म्हणाले, "सांग पाहू, मी 'इन हॉस्पिटल' की 'इन द हॉस्पिटल'?" मी म्हटलं, "तुम्ही गप पडा नं जरा." "सांग तं!" सांगितल्याशिवाय सोडणारे ते नव्हेत. म्हणून सांगितलं, की आजारी माणूस इलाजासाठी आला, तो 'इन हॉस्पिटल'. त्याला भेटायला आलेली बायको 'इन द हॉस्पिटल'. त्यांनी मान डोलावली. मी चिडवायला म्हटलं, "म्हणजे तुमाले काहीच नाही, आन् मले एक 'द' जास्तीचा?" तर हळूच म्हणाले, "तो तुले सोबतीले देल्ला..." दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुगाची खिचडी डब्यात भरत होते. शेजारच्या डॉक्टरांकडे दवाखान्यातून फोन आला होता. त्यांच्या मिसेस निरोप घेऊन दारात आल्या आणि काही बोलेचनात, तेव्हाच मला कळलं. खिचडी संध्याकाळपर्यंत तशीच ओट्यावर होती.

हे इंग्रजीचे मास्तर. नागपुरातली कितीतरी मुलं त्यांना 'गावंडे सर' म्हणून ओळखतात. मूळचे पारशिवनीकडचे, शेतकऱ्याघरचे. बैलांमागे फिरता फिरता शिकले आणि शहरात येऊन मास्तर झाले. मी त्यांच्या शेजारच्या गावची. लग्न झालं तेव्हा मी मराठी सातवी पास होते आणि इंग्रजीची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. वयात आमच्या बरंच अंतर होतं. भाड्याच्या दोन खोल्या, समोर ओसरीवजा जागा, तिथे सकाळ-संध्याकाळ मुलं शिकायला यायची. मी आत भाकरी थापत ऐकायची.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. व्याकरणाचं पुस्तक ते उघडायचेच नाहीत. सारखी दिसणारी दोन वाक्यं फळ्यावर लिहायची, एकात 'द' किंवा 'ए', दुसऱ्यात नाही, आणि विचारायचं, कोणतं कोणाच्या तोंडी शोभतं? 'गो टू स्कूल' आणि 'गो टू द स्कूल' लिहिलं, की मुलं गोंधळायची. मग हे म्हणायचे, "पोरगं शिकाले जाते ते पहिलं. पोराचा बाप मास्तरले भेटाले जाते ते दुसरं. शाळा एकच हाये गा, काम येगळं हाये." एकदा 'लिटल शुगर' आणि 'ए लिटल शुगर' चाललं होतं. साखर रेशनवर मिळायची ते दिवस. हे स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडले, "अवं, साखर हाये काय घरात?" मी आतून म्हटलं, "हाये थोडीशी, करते चहा." तर मुलांना म्हणाले, "पाहा, ही 'ए लिटल'वाली बाई होय. 'लिटल'वाली असती तं म्हणाली असती, थोडीच उरली, पाहुण्यायले पाणी द्या." मुलं हसली. चहा मात्र सगळ्यांना करावा लागला, आणि पुढचे काही दिवस आम्ही दोघं गुळावर होतो.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. हे मी इथे एका वाक्यात लिहिते आहे, पण घरात ते वाक्य कधी संपलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. घेतलं तर सणासुदीला, उखाण्यात गुंफून, लाजत. एरवी शेजारणी 'सुरेशचे बाबा', 'मंदाचे बाबा' असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. माझ्याकडे तसं खुंटीला अडकवायला कोणाचं नाव नव्हतं. घरात असले की 'हे', बाहेर गेले की 'ते'. माझं एवढंच. एकदा याचं मला फार वाईट वाटलं आणि मी रडले. त्या वेळी यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "तू अंगणात उभी राहून म्हणतं, 'ते अजून आले नाहीत', तवा कोणी इचारते काय, कोण ते? साऱ्या गल्लीले ठाऊक हाये. तुह्या तोंडचा 'ते' म्हणजेच 'द'. आता हे मले पोरायले शिकवाले किती फळे लागतात!" डोळे पुसता पुसता मला हसू आलं.

मॅट्रिकला बसायचं खूळ त्यांनीच माझ्या डोक्यात घातलं. खूळ कसलं, काळजी होती ती. त्यांची छाती तेव्हापासूनच अधूनमधून भरून यायची. एका संध्याकाळी स्वच्छ बोलले, "मी तुह्याआधी जाईन हे उघडच हाये. मंग तुले दिराच्या दारात भाकरीसाठी उभं राहा लागू नये. मॅट्रिक हो, बालवाडीत शिकवाले लावीन तुले." मला त्यांचा रागच आला. जिवंतपणी मरणाच्या गोष्टी कशाला करायच्या? पण दुसऱ्या दिवसापासून मी पाटी घेऊन बसले. दिवसा घरकाम आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर मी एकटी त्यांची विद्यार्थिनी. सासूबाई गावाहून आल्या की कपाळावर हात मारायच्या. "मनोहर, अरे बायकोले साहेब करून राह्यला काय तू?"

बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीत मी नापास झाले. घरी आल्यावर यांनी, मी पेपरात काय काय लिहिलं होतं ते विचारून घेतलं. निबंध होता, आपल्या घरातल्या एका माणसावर. मी यांच्यावर लिहिला होता. आणि पानभर यांना 'दे' म्हटलं होतं. 'दे आर ए टीचर.' 'दे ड्रिंक टी.' इंग्रजीत एका पुरुषाला 'ही' म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण 'ही' म्हणजे 'तो'! नवऱ्याला 'तो' कसं म्हणायचं? पेन उचललंच गेलं नाही माझ्या हातून. ऐकून हे इतके हसले की ठसका लागला. मग पाणी प्यायले. म्हणाले, "'ए टीचर' बरोबर लिवलं वं तू. 'ए' चुकला नाही." मग म्हणाले, "पुढच्या खेपेले 'ही' लिहिशील नं?"

"नाही लिहिणार. नापास झाली तरी चालते."

"चालत नाही!" त्यांचा आवाज चढला. माझ्यावर चढलेला तो एकच आवाज मला आठवतो. "मले चालत नाही. मी गेल्यावर तुह्या मानपानानं पोट भरीन काय?" मी भाकरी तव्यावर जळू दिली आणि बसून राहिले. थोड्या वेळानं तेच आत आले, भाकरी उलटली आणि म्हणाले, "माझ्यावर नको लिहू. तुह्या बाबाच्या बैलावर लिही. तोही घरचाच हाये. त्याले तं 'ही' म्हणशील?" पुढच्या परीक्षेला घरातल्या आवडत्या प्राण्यावर निबंध आला. बैलाला मी मनसोक्त 'ही' म्हटलं आणि पास झाले. निकालाच्या दिवशी हे सीताबर्डीवरून संत्र्याची बर्फी घेऊन आले आणि गल्लीत वाटत सुटले. विचारेल त्याला सांगत होते, "आमचा बैल पास झाला."

बालवाडी लागली. दुसऱ्यांची मुलं माझ्या पदराला हात पुसू लागली. हे निवृत्त झाले, ओसरीवरची मुलं हळूहळू कमी झाली, नवे क्लास निघाले. तरी संध्याकाळी मी घरी आले, की चहाच्या वेळी दोन वाक्यं तयार असायची. उत्तर चुकलं तर त्यांना जास्त बरं वाटायचं, कारण मग बोलायला मिळायचं. मीही कधीकधी मुद्दाम चुकायची. बहुतेक त्यांना ते कळत होतं.

आता कोणी पोटापाण्याची काळजी करू नये. माझा पगार आहे, खोल्या आहेत, दिराच्या दारात मला जावं लागलं नाही. त्यांना हवं होतं तेच झालं. पण त्यांनी माझ्या भाकरीची सोय केली, संध्याकाळची नाही केली. बालवाडीतून आल्यावर चपला काढते, आणि घर इतकं गप्प असतं की स्टोव्हला पंप मारायचा आवाजही मोठा वाटतो.

परवा वरच्या खोलीत अमरावतीकडचं एक नवं बिऱ्हाड आलं. त्या बाई संध्याकाळी विरजण मागायला खाली आल्या. चांगल्या वाटल्या, बोलक्या. मी त्यांना बसा म्हटलं, स्टोव्ह पेटवला, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "बसा नं, ते येतीलच इतक्यात, संगंच चहा घेऊ."

"कोण वं ताई? कोण येऊन राह्यलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्यांची काही चूक नाही, त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या, गल्ली त्यांना नवी. माझं कपाळ मोकळं दिसतच होतं, तेव्हा नवरा त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. काहीतरी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, साधं नाव घेतलं. "मनोहर."

"भाऊ होय काय तुमचा?" त्यांनी विचारलं.

बरोबरच होतं. बायको कुठे असं नाव घेते? विरजण वाटीत काढून दिलं, चहा दिला, त्यांच्या मुलांची चौकशी केली. त्या वर गेल्यावर दाराला कडी लावली आणि ते नाव पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्यानं, हाक मारावी तसं. इतकी वर्षं ज्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, त्यांना ती पोचली असती तर आधी चकित झाले असते, मग हसले असते... मी थोडा वेळ थांबले. आतल्या खोलीतून "काहून वं?" असं कोणी म्हणालं नाही.