सिलिंडरमागचा मेन स्विच

पाहुणा म्हणून गेले तरी रियाजचाचा पाणी पिण्याआधी मेन स्विच कुठंय ते विचारत. विझलेली काडी पाण्यात बुडवत. ईदच्या नव्या सदऱ्यालाही टेस्टर अडकवत. गॅस बंद करून निघाले की अर्ध्या वाटेतून परत येऊन बघत.

रविकांतला याचा वैताग येई. मराठीत एम.ए. करून तो लातुरात, क्लासच्या गल्लीत, मुलींचं हॉस्टेल सांभाळत होता. चाचा तिथले वायरमन. मेन स्विच स्वयंपाकघरात, सिलिंडरच्या मागे. तो फाटकाशी आणा, हा चाचांचा दोन वर्षांचा धोशा.

मालक महादेवप्पा ऐकेनात. "वास्तूवाल्यानं सांगितलंय, विस्तव आग्नेयेला. गॅसबी तिथंच, बोर्डबी तिथंच."

"म्हंजी आगीतून जाऊन करंट बंद करायचा का, अप्पा?"

"लई अभद्र बोलायलात तुम्ही."

"साठ पोरी हायत वर. भद्र कसं बोलू?"

एकदा रविकांतच चिडला. "चाचा, त्र्याण्णवच्या भूकंपाला तीस वर्षं झाली. सोडा की."

चाचा वायर सोलत राहिले. मग म्हणाले, "सालेहा दगडाखालून बोलत होती. माझी बहीण. दिसावं म्हणून मीच काडी ओढली. रॉकेलचा डबा सांडलेला होता."

रविकांतनं पुढं होऊन वायरचं दुसरं टोक धरलं.

त्याच आठवड्यात सकाळी जमीन हलली. थोडीच. मुली खाली पळाल्या, आचारीही पळाला, कढई गॅसवर तशीच. तेल पेटलं. बल्ब बदलायला आलेल्या चाचांनी ओलं पोतं टाकून विझवलं आणि काळवंडलेल्या बोर्डाकडे नुसतं बोट दाखवलं.

"बरं बाबा," महादेवप्पा म्हणाले. "घ्या फाटकाशी."

शनिवारी चाचांनी फाटकाशी भिंत खोदून नव्या मेन स्विचची लाल पेटी बसवली. मुलींना गोळा केलं. "जमीन थांबली की बाहेर. जी पहिली पोचंल तिनं हा दांडा खाली ओढायचा."

वायर ओढणार तेवढ्यात अप्पा आले. "सोमवारी अमावास्या हाय, तवर करंट जोडायचा नाही. जोडणी मंगळवारी."

"भूकंपाला पंचांग दावा, अप्पा!" पिशवी उचलून चाचा निघून गेले.

रविवारी जेवता जेवता त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

कब्रस्तानातून रविकांत थेट हॉस्टेलवर आला. फाटकाशी जुन्या मुलींपैकी मुबश्शिरा एका नव्या मुलीला शिकवत होती. "हे बघ, असं." तिनं दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

पेटीत वायर नव्हती. वरच्या खोल्यांतले पंखे फिरतच राहिले.