दाव्यासकट आलेला बैल

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं आमच्या यांच्याबरोबर भाड्याची खोली शोधली नव्हती, एवढंच.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. हे सरकारी शाळेत मास्तर. नांदेडहून उदगीरला तबादल्याचा हुकूम आला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं मी नायगावला सासूबाईंच्या हाताखाली काढली होती. हे नोकरीच्या गावी खानावळीत जेवायचे. या खेपेला मी हट्टानं बरोबर निघाले. सासूबाई म्हणाल्या, "जा. धर्मशाळेत तीन दिवस ठेवून घेतात. तेवढ्यात बिऱ्हाड मिळालं तर राहा. न्हाई तर चौथ्या दिवशी परत ये, आन् मंग पुन्हा नाव काढायचं न्हाई." मी "हाव" म्हणाले. तीन दिवस म्हणजे लई झाले, असं मला वाटलं.

पण यांना मुक्या जनावरांचा भारी कळवळा. शाळेसाठी लहानपणापासून शहरात राहिलेले, गोठ्यात कधी पाऊल टाकलेलं नाही, म्हणून तर जास्तच.

पहिल्या दिवशी किल्ल्याकडच्या आळीत दोन खोल्या मिळत होत्या. मोरी होती, उजेड होता. मी मनातल्या मनात चुलीची जागासुद्धा ठरवली. तेवढ्यात यांना दारात बांधलेली शेळी दिसली. दोरी इतकी आखूड की बिचारीची मान खाली जात नव्हती. यांनी दोरी सोडली. शेळी गेली ती थेट मालकिणीनं वाळत घातलेल्या कुरडयांवर. पुढं भाड्याचं बोलणंच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बजावून नेलं, "खोली बघायची. ढोरं बघायची न्हाईत." "बरं," म्हणाले. आणि तिथं मालकाला विचारतात काय, तर "या म्हशीला पाणी कधी पाजलं होतं?" मालक म्हणाला, "मास्तर, खोली बघाया आलाव का पंचनामा कराया?" झालं. मी कपाळाला हात लावला. या माणसाला बायकोपेक्षा म्हशीची तहान आधी दिसते, असं रस्ताभर बोलत आले मी.

तिसऱ्या दिवशी मोंढ्याच्या धान्यबाजारामागं एका गाडीवाल्याची खोली बघायला गेलो. अंगणात लिंबाला म्हातारा बैल बांधलेला. फासळ्या वर आलेल्या, खूर वाढून वाकडे झालेले, खांद्याच्या जखमेवर माशा, आणि पुढ्यात काडी नाही. मी यांच्या आणि बैलाच्या मधे उभी राहिले, पण तो गाडीवाला लई बेरकी. यांचं तोंड बघूनच त्यानं ओळखलं. बैल सोडला, दावं यांच्यापुढं केलं आणि म्हणाला, "मास्तर, जरा धरता का? खोलीची किल्ली आणतो."

"अहो, धरू नका!" मी ओरडले. तोवर धरलं होतं.

आमच्या शेतकरी माणसांत जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो आणि विकणाऱ्याचं दावं त्याच्या घरी खुंटीला राहतं, म्हणजे गोठ्याची लक्ष्मी जात नाही. दाव्यासकट जनावर दिलं, तर त्या जनावराशी आपला संबंध संपला. आणि ज्यानं हातात धरलं, त्याचं ते झालं.

गाडीवाला मोकळ्या हातानं परत आला. खोली म्हणे कालच दिली होती. "बैल मात्र तुमचा." समोरच्या कट्ट्यावर बसलेली माणसं साक्षीला होतीच. "हाव, धरलं की मास्तरनं!"

हे म्हणाले, "अगं, परत झाडाला बांधतो आणि जाऊ." सरळ होतं. पण मीच म्हणाले, "न्हाई जमत आता. माझ्या बापानं धरलेलं दावं कधी टाकलं न्हाई." आणि मग मला यांचा आला नव्हता इतका माझा स्वतःचा राग आला. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

बैल आत घेणार न्हाई म्हणून धर्मशाळेच्या राखणदारानं आम्हाला फाटकातच अडवलं. मी आत जाऊन बोचकं तेवढं उचलून आणलं. डोक्यावर बोचकं, पुढं हे, मागं लंगडणारा बैल. मला रडू येत होतं. उद्या सकाळची गाडी, आणि नायगाव.

गावाच्या कडेला एक कानडी बाई शेताच्या बांधाला लागून राहायची. तिच्याकडं खोली आहे हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण मास्तर लोकांना ती देत नाही, शेण बघून नाक धरतात म्हणते, असंही कळलं होतं. बैलाला पाणी तरी मागावं म्हणून थांबलो. तिनं बैलाकडं पाहिलं, यांच्या हातातल्या दाव्याकडं पाहिलं. "दाव्यासकट?"

"हाव," मी म्हणाले. "फसलो."

तिची बैलजोडी गेल्या साली विकली होती. दोन्ही दावी भिंतीला टांगलेली, खाली गोठा रिकामा. "बर्री, बर्री, आत या," म्हणाली. "दावं धरणारा माणूस शेणाला नाक धरत नाही. बैल इथं बांधा. तुम्ही मधल्या खोलीत राहा."

त्या रात्री तीन दगड मांडून मी भाकरी केली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या चुलीवर. मीठ जास्त झालं होतं. यांनी आणखी एक मागून घेतली.

बैल एक पोळा बघून हिवाळ्यात गेला. हे हातात दावं धरून उभे, पहिल्या दिवशी होते तसेच. मी ते घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

पुढं कितीतरी तबादले झाले. दर वेळी खोली शोधताना मी यांच्यावर तशीच खेकसायची. पण नव्या घरात आधी ते दावं खुंटीला लागायचं, मग चूल मांडायची. नायगावला मी गेले ती सणासुदीला, पाहुणी म्हणून.