हाताची वहाण

थंडीतल्या सकाळी कोमट एरंडेलाचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? चुलीच्या कडेला वाटी ठेवावी आणि तो जड, चिकट दर्प जुन्या कातड्याच्या गंधात मिसळून घरभर पसरावा! परक्याला तो नकोसा वाटतो. आमच्या अमरावतीच्या चांभार आळीत मात्र त्यावाचून दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. मला तर हल्ली त्या वासाने आधी छातीत धस्स होतं, आणि मग हळूहळू जिवात जीव येतो.

माझा थोरला भाऊ सदूदादा. कातडं कापायची रापी त्याच्या हातात गेली, की कातड्याची वादी अशी सरळ निघे, की बघणाऱ्याने बघतच राहावं. वडिलांची सारी विद्या त्या एका उजव्या हातात उतरली होती. माझ्या वाट्याला आली ती नुसती शिलाई. पण समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, आणि वऱ्हाडच्या कापसाला काय दिवस आले म्हणता! अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग संपेना. आळीतले निम्मे लोक रुईच्या गाठी बांधायला गेले, आणि दादाही गेला. मी चिडलो होतो, अजूनही चिडतो.

काम तरी कसलं? दाबयंत्रात रुई कोंबायची, दांडे रेटून ती चेपायची, आणि ती चेपलेली असतानाच दादाने दोर ओढून करकचून बांधायचा. मग दाब सुटतो, कोंडलेली रुई फुगते आणि दोर गाठीत रुततो. दिवाळीनंतर गेलेला दादा, संक्रांतीपर्यंत त्याचे तळवे सोलून निघाले. एका संध्याकाळी त्याने सहज रापी उचलली, ती त्याच्या बोटांतून गळून पडली. ती मीच उचलून ठेवली. हा हात गेला तर मागे उरतं काय?

दर्यापूरच्या मामाकडे फाटकी मोट पडून होती. विहिरीचं पाणी उपसता उपसता, वर्षानुवर्षं पाणी आणि तेल पिऊन तिचं कातडं रेशमाइतकं मवाळ झालेलं. ते आणलं. दादाला म्हटलं, हात ठेव. त्याने तळवा पसरला, मी कोळशाने भोवती रेघ ओढली.

"हाताले वहाण शिवून राहिला का बे?" दादा हसला.

अन् खरंच, मी वहाणच शिवत होतो! पाय जमिनीवर पसरतो, हात मात्र कामाला लागला की मिटतो. पिढ्यान्‌पिढ्या पाय मोजणाऱ्या आम्हा दोघा शहाण्यांना एवढं सुचू नये?

रात्रीत हातमोजा शिवून झाला. दुसऱ्या दिवशी मोजा कसा चालतो ते पाहायला मी त्याच्याबरोबर गेलो. दादाने दोर धरला, मूठ वळली, आणि तळव्यावरच्या कातड्याची मोठी घडी वर आली. मी ओरडलो, "दादा, काढ तो मोजा!" पण यंत्राच्या त्या करकरीत ऐकतो कोण? दोर घडीवरून गेला, ती रुईशी चिमटली, आणि कुणीतरी दाब सोडला.

"हात! हात सुटून नाई राहिला!" दादा ओरडला.

रुई फुगत होती, दोर आवळत होता. दादाने पाय टेकवून सारं अंग मागे टाकलं. आणि हात आला! लाल, पण पाचही बोटांसकट बाहेर आला. मोजा तेवढा दोराखाली राहिला. एका चामड्यापायी गाठ कोण सोडतो? ती तशीच मुंबईच्या वाटेला लागली. मापात चुकलो म्हणून मोजा अडकला, आणि मापात चुकलो म्हणूनच हात निसटला. याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरा मोजा मिटल्या मुठीवर बेतला. दादा म्हणाला, "मनगटाले वादी लाव, नाई तर सरकते."

"नाई लावत. सरकू दे."

"धाकटा असून मले शिकवून राहिला?"

"हो, शिकवून राहिलो!"

दोन दिवस अबोला. पण वादी मी लावली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी मोज्याला आतून एरंडेल चोळतो, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. शेजारी म्हणतात, कातडं टिकावं म्हणून बिचारा किती जपतो! कातडं टिको न टिको. वेळ आली तर हात निसटावा, एवढंच माझं मागणं आहे.

आज वाटी चुलीशी ठेवली आणि मागे वळून पाहतो, तर दादा रापी घेऊन बसलेला. तळव्यावर नवी, गुलाबी कातडी धरली आहे. त्याने वादी कापली. मधेच रापी जराशी वळली.

"वाकडी आली बे," तो स्वतःवरच करवादला. "दुसरा तुकडा दे."

मी दिला, आणि त्याच्या हाताकडे बघत उभा राहिलो. वाटीतलं तेल कढून धूर निघाला, घरभर तो वास कोंदला, तरी मला त्याचं भान नव्हतं.